वाळूच्या टेकडीवरची हाळी

शहरात, पदमपुऱ्यात माझ्या घराजवळ एक मंगल कार्यालय आहे. त्याच्या फाटकावर मल्हारी नावाचा एक माणूस बसतो. खांदे रुंद, मिशा भरघोस, अंगात कार्यालयाने दिलेला निळा सदरा. लग्नाला आलेली मंडळी त्याला विचारतात, गाडी कुठे लावायची, जेवणाचा हॉल कुठे आहे, नवरदेवाची खोली कोणती. मल्हारी हाताने दाखवतो. एखादी बाई दुसरीच्या कानाशी लागते, "बिचारा मुका दिसतोय." ते त्याला ऐकू येतं. तो मान खाली घालून उगाच फाटकाची कडी सारखी करतो.

मल्हारी मुका नाही; गाव सोडून इथे आल्यापासून त्याने बोलणं टाकलं, एवढंच. उभा जन्म मी रंगभूमीवर काढला. गावोगावच्या जत्रांत कनाती ठोकून आम्ही नाटकं केली, आणि शेवटच्या रांगेतल्या म्हातारीच्या कानात शब्द घालणारे भलेभले आवाज मी ऐकले. त्या सगळ्यांत मल्हारीचा आवाज पहिल्या पाचांत बसला असता. खुलताबादच्या पलीकडे, डोंगराच्या अंगाला त्याची धनगरांची वाडी आहे. तिथे मी त्याला पोरवयात पाहिला होता. एका टेकाडावर उभा राहून त्याने समोरच्या टेकाडावरच्या मेंढ्यांना हाळी दिली, आणि माझ्या कंपनीचे दोन गायक हातातला चहा विसरून बघत राहिले.

आमच्या कंपनीच्या गाड्या बिरोबाच्या जत्रेला त्या वाडीत थांबत. मल्हारीची आत्या, दगडाबाई, आम्हाला दूध घालायची. माझं तिचं मैत्र तेव्हापासूनचं. मी रंगमंचावर राणी व्हायचे, आणि दुसऱ्या दिवशी तिच्या अंगणात तिच्या हातची भाकर खायचे. आई गेल्यावर मल्हारी आणि त्याची धाकटी बहीण शालू यांना दगडाबाईनेच वाढवलं. पुढे तिने शालूला आपल्याच लेकाला, बिभीषणला करून घेतली. मामाची पोर म्हणजे आपल्यात हक्काचीच. त्या दिवसापासून आतेभाऊ होता तो बिभीषण मल्हारीचा दाजी झाला. दोघं एका वयाचे, एका ताटात जेवलेले. पण नातं बदललं तसा मल्हारी त्याला नावाने हाक मारीनासा झाला. 'दाजी' म्हणायचा. थट्टेत, भांडणात, मायेत, सगळीकडे दाजीच.

चराई कमी होत गेली. रस्ते झाले, तारा आल्या, डोंगर विकले गेले. लासूर स्टेशनचा एक मुकादम राजस्थानात कामाला माणसं न्यायचा. कोरडवाहू माणूस आणि धनगर चालायला कंटाळत नाही, हे त्याला माहीत होतं. मल्हारी आणि बिभीषण त्याच्याबरोबर जैसलमेरच्या पलीकडे वाळवंटात गेले.

काम काय, तर जमिनीखाली तेल आहे का, वायू आहे का, ते शोधायचं. वरून कसं कळणार? मल्हारीने मला ते सांगितलं ते असं. वाळूत खोल भोक पाडायचं, तळाशी दारू ठासायची आणि उडवायची. हादरा पाताळात जातो, तिथल्या खडकावर आपटतो आणि माघारी येतो. तो माघारी आलेला हादरा पकडायला वाळूत ओळीने छोटे छोटे डबे खोचलेले असतात. प्रत्येकाला खाली लोखंडी खिळा आणि वर तार. मजूर त्यांना 'फोन' म्हणत. तारा खांद्यावर घेऊन वाळूच्या टेकड्या चढायच्या, फोन खोचायचे, हादरा झाला की उपटायचे, पुढे जायचं. त्या टेकड्यांवर गाडी चढत नाही, म्हणून माणूस लागतो.

हादऱ्याच्या वेळी कोणी हलायचं नाही. पाऊल नाही, खोकला नाही. दूर एका गाडीत यंत्रापुढे साहेब बसलेला असतो, त्याला ओळीवर शेळीचा खूर वाजलेला सुद्धा कळतो. हे ऐकताना मला आमची तिसरी घंटा आठवली. घंटा झाली की साऱ्या थिएटरचा श्वास असा थांबतो.

दारू उडवणाऱ्या माणसाला तिकडे 'शूटर' म्हणतात. त्यांचा शूटर सतबीर नावाचा हरियाणाचा गडी होता. तो टेकडीच्या एका अंगाला लांब वायर घेऊन बसायचा, भोक दुसऱ्या अंगाला असायचं, आणि मधे माथ्यावर मल्हारी उभा. हातात लाल झेंडा, कमरेला वायरलेस. दोन्ही बाजूंना त्याची नजर. त्याने 'क्लियर' सांगितलं तरच सतबीरने कळ दाबायची. ह्या जागेवर मल्हारीला त्याच्या आवाजामुळे नेमलं होतं. वायरलेस हातात असला तरी गडी तोंडाशी धरून हाळीच द्यायचा. सतबीर चिडवायचा, "अरे मराठे, धीरे बोल, पाकिस्तान तक जाएगी।"

त्या दिवशी वारा उठत होता. धुळीने ऊन पिवळं पडलं होतं, समोरचं नीट दिसेना. वारा वाढण्याआधी एवढा एक उडवून घ्यावा असं वरून सांगणं आलं. मल्हारी माथ्यावर उभा राहिला. तेवढ्यात गाडीतला साहेब वायरलेसवर ओरडला, ओळीवर काहीतरी चालतंय. कुण्या गावकऱ्याची शेरडं चुकून भोकाकडच्या उतारावर आली होती. बिभीषण मल्हारीजवळच होता. तो म्हणाला, "शेरडं हायती रं. मुकी जनावरं दारूवर उभी करतो का काय? हाकून येतो. सांग त्यांला, मी खाली चाललोय म्हून." आणि तो वाळूतून घसरत उतरला, धुळीत दिसेनासा झाला.

वायरलेसवर सतबीरचा आवाज आला, "मल्हारी, क्लियर?"

मल्हारीने सांगितलं. सतबीरने कळ दाबली.

मोठा आवाज होत नाही म्हणे. जमीन पोटातल्या पोटात गुरगुरते. पण तेवढ्या हादऱ्याने त्या वाळूच्या टेकडीची उभी कड सुटली आणि सगळी खाली आली. फावडी होती तीन. बाकीच्यांनी हातांनी उकरलं. वाळू अशी, की जेवढी काढावी तेवढी वरून परत येते. बिभीषण सापडला तेव्हा त्याच्या तोंडात वाळू होती. शेरडं पलीकडच्या झुडपाचा पाला खात उभी होती.

चौकशी झाली. तंबूत टेबल मांडून तीन साहेब बसले. मल्हारीने ती मला किती वेळा सांगितली असेल! "अक्का, मी थेट बोललो. साहेबांनं इचारलं, तूने वायरलेस पे बताया था? म्हणलं, व्हय, बताया था. छातीला हात लावून सांगितलं. परत परत इचारलं, मी परत परत तेच सांगितलं. तिघंबी माना डोलवीत व्हते. मला वाटलं, आता ह्या शूटरची खैर नाय. आन् दुसऱ्या दिवशी काय, तर मलाच घरी धाडलं! त्यांनी आपला माणूस वाचीवला, अक्का. तो शूटर तंबूत रडत होता मगरीवानी. मी सांगितलं व्हतं त्याला, दाजी खाली हाय म्हून. सांगूनबी उडीवलं त्यानं."

वाडीला हेच माहीत होतं. 'बिभीषणला शूटरनं मारलं,' असं लोक म्हणायचे. नवखा माणूस दचकायचा, त्याला वाटायचं, हा कुठल्या टोळीत होता की काय. दगडाबाई रोज संध्याकाळी दिवा लावताना त्या न पाहिलेल्या हरियाणाच्या पोराला शिव्या घालायची. तोंडात दात राहिले नव्हते, पण शिवी शाबूत. शालू वेरूळला लेण्यांच्या वाटेवर पेरू आणि सीताफळं विकायला बसू लागली. आणि मल्हारी? त्याने एकच ध्यास घेतला. आपण सांगितलं होतं, हे जगाला कळलं पाहिजे. दाजी न सांगता गेला नव्हता आणि आपण गप्प बसलो नव्हतो. वकिलाकडे गेला, पुढाऱ्याकडे गेला, लासूरच्या मुकादमाच्या दारात बसला. सगळ्यांनी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं.

शेवटी माझ्याकडे आला. "अक्का, तुमी नाटकवाल्या. ह्याच्यावर नाटक बसवा. बिरोबाच्या जत्रंत करू. कोर्ट ऐकत नाय तं नाय, पाच गावचे लोक तरी ऐकतील. समदं जसं घडलं तसं."

माझे गुडघे गेले आहेत, पण नाटक म्हटलं की मी अजून उठते. मी वाडीला गेले.

मल्हारी स्वतःचंच काम करणार होता. शूटर कोणी व्हायला तयार होईना. वाडीतल्या पोरांना भीती, की दगडाबाई खरोखरच खेटराने हाणील. अखेर खुलताबादच्या नाक्यावरचा पंक्चरवाला इसाक तयार झाला. आमच्या कंपनीत तो उमेदीत दरोडेखोर व्हायचा. तो मला अजून राणीसाहेब म्हणतो.

"राणीसाहेब, मेरेकू मारेंगे नई ना ये लोगां?"

"तुला कोण मारतंय? शिव्या खायच्या फक्त."

"वो तो बीवी के हात से रोज खातूं," इसाक म्हणाला आणि बिरोबाच्या देवळाच्या भिंतीमागे जाऊन बसला. ती भिंत आमची टेकडी. मल्हारी चौथऱ्यावर उभा राहिला. दगडाबाई सभामंडपात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. शालू त्या दिवशी वेरूळला गेली नव्हती. दुपारची वेळ, वाडीतली दहावीस माणसं कडेला उकिडवी बसलेली.

मल्हारी म्हणाला, "दाजी खाली हाय!"

मी थांबवलं. "असं नाही. शूटर हरियाणाचा ना? त्याच्याशी तू मराठी बोललास का?"

"न्हाई, हिंदीतच बोललो."

"मग जे शब्द तोंडातून गेले तेच म्हण. अक्षर बदलायचं नाही. आणि वायरलेसवर बोलायचास तसंच, हाळी देऊन."

मल्हारीने हाताची मूठ तोंडाशी धरली. इसाक भिंतीमागून ओरडला, "मल्हारी, क्लियर?"

मल्हारीने हाळी दिली, "दाजी खाली है!"

देवळावरची कबुतरं उडाली. भिंतीमागे काहीच होईना. ठरलं असं होतं, की शूटरने ऐकून न ऐकल्यासारखं करायचं, खदाखदा हसायचं आणि कळ दाबायची. इसाकने भिंतीवरून डोकं वर काढलं.

"राणीसाहेब, मैं नई सुन्या कर्के कैसा करूं? ये तो खुदीच बोले ना, हां जी खाली है."

मल्हारी हसला. "हां जी न्हवं रं बहिऱ्या! दाजी! दाजी म्हणलो मी."

"मेरेकू हां जी सुनाई दिया," इसाक म्हणाला. "मैं पूछ्या क्लियर है क्या, इनो बोले हां जी, खाली है. रस्ता खाली है, कोई नई है. फिर तो मैं दबाऊंगाच ना? उसमें हसने का क्या है?"

मल्हारीच्या चेहऱ्यावर हसू तसंच राहिलं होतं, पण डोळ्यांतून ते गेलं होतं. त्याचे ओठ हलत होते. तो ते तीन शब्द मनाशी म्हणून बघत होता, एकदा आपल्या कानाने, एकदा परक्याच्या. रंगमंचावर शब्द चुकीचा गेला तर समोरचा नट सांभाळून घेतो, पडद्यामागून कोणी कुजबुजतं. मी कितीतरी जणांना सांभाळून घेतलं आहे. त्या दुपारी मला काही सुचलं नाही.

आम्ही सगळे मराठवाड्यातले. खाली हात, खाली डबा, घर खाली कर, हे शब्द आमच्या तोंडी रोजचे. पण मल्हारीने ही गोष्ट आम्हाला सदैव मराठीत सांगितली होती, आणि मराठीत दाजी खालीच होता, उतारावर, भोकाजवळ. हिंदीत ती फक्त त्या तंबूत सांगितली गेली. तिथे तिघा साहेबांनी विचारलं, तूने बताया था, खाली है? आणि याने छातीला हात लावून परत परत सांगितलं, हां साहब, बताया था.

शालू उठून चौथऱ्यापाशी आली. लेण्यांच्या पायऱ्यांवर दिवसभर ती पर्यटकांना तेच सांगत असते, बाबूजी, नीचे देखके, नीचे उतरो. ती हळू आवाजात म्हणाली, "दादा, नीचे म्हणायचं ना रं. नीचे."

मल्हारी मटकन खाली बसला.

दगडाबाईला काही उमगलं नव्हतं. "काय झालं गं? का थांबले?" तिने विचारलं. शालूने तिच्याजवळ बसून तिला समजावलं. दोनदा समजावावं लागलं. म्हातारीच्या ओंजळीतल्या शेंगा तशाच राहिल्या. मग ती म्हणाली, "म्हंजी माझ्या लेकानं सांगितलं, ह्यानंबी सांगितलं, आन् त्यानं ऐकलंबी. मंग मारलं कोणी?"

इसाक डोक्याला हात लावून भिंतीपाशी उभा होता. "अम्मा, मेरेकू माफ कर," असं तो दोनदा म्हणाला. वास्तविक त्याचा काय दोष? नाटक तिथेच राहिलं.

वाडी मात्र गप्प राहिली नाही. पाणवठ्यावर, किराणा दुकानात चर्चा झाली. पुंजाराम नावाच्या एका म्हाताऱ्याने भर चावडीवर मल्हारीला टोमणा मारला, "मल्हाऱ्या, शूटर शूटर करीत व्हतास, तो तं तुमच्याच घरात निघाला की." मल्हारी चावडीच्या मध्ये जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "सतबीरचा कसूर नाय. ह्याच्यापुढं कोणी त्याला बोलायचं नाय." एवढंच.

आठवड्याभराने त्याने मला पुन्हा वाडीला बोलावून घेतलं. बरोबरच्या एका मजुराकडून त्याने सतबीरचा फोन नंबर मिळवला होता. "अक्का, तुमी संगं बसा. मला एकट्याला जमायचं नाय." दगडाबाईच्या अंगणात बाजेवर आम्ही बसलो. शालू उंबऱ्यात. मल्हारीने नंबर लावला आणि फोन मोठ्या आवाजावर ठेवला.

"कौन?"

"मैं मल्हारी. महाराष्ट्रवाला."

पलीकडे ट्रॅक्टरचा आवाज येत होता. मग तो बंद झाला. "बोल."

"उस दिन आपको क्या सुनाई दिया था?"

"तू मुझसे पूछता है?" सतबीरचा आवाज फाटला. "तूने कहा, हां जी, खाली है. तीन साहबों के सामने भी यही कहा. मेरी नौकरी गई, नींद गई. मेरे बच्चे हां जी बोलते हैं तो मैं उठके बाहर चला जाता हूं. तू सो रहा था क्या ऊपर?"

"मैंने दाजी कहा था," मल्हारी म्हणाला. "दाजी. बहन का आदमी. दाजी खाली है. हमारे में खाली मतलब..." पुढचा शब्द त्याच्याने बोलवेना.

शालू उंबऱ्यातूनच म्हणाली, "नीचे. भैया, हमारे में खाली मतलब नीचे."

सतबीर अगदी हळू म्हणाला, "तो तूने बताया था."

"हां."

ज्या एका वाक्यासाठी मल्हारीने वर्षानुवर्षं दारं झिजवली, ते त्याला मिळालं. मी त्याच्याकडे पाहिलं. प्रेत उचलताना माणसाचा चेहरा होतो तसा त्याचा झाला होता.

"काय म्हणतोय त्यो?" दगडाबाईने विचारलं. शालूने सांगितलं. म्हातारीने पदर सावरला आणि फोनच्या दिशेने सरकून बसली, जणू पाहुणा समोरच आला आहे. "मल्हाऱ्या, त्याला सांग..."

मल्हारीने दोन्ही हात मागे घेतले. "मी नाय सांगत, आत्या. तुझा शब्द मी नाय नेत त्याच्याकडं. शालू, तू सांग."

दगडाबाई शालूला म्हणाली, "त्याला म्हणावं, बाबा, तुझा कसूर नाय. म्या तुला लई शिव्या दिल्या, तुझ्या आईला दिल्या. त्या समद्या माघारी घेते. आता झोपत जा म्हणावं."

शालूने ते हिंदीत सांगितलं, एकेक शब्द तोलून, मधे थांबत. पलीकडे तो दांडगा हरियाणवी गडी लहान पोरासारखा रडायला लागला. "मां जी, मां जी," एवढंच म्हणत होता. दगडाबाई मान हलवत ऐकत होती. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. मग फोन बंद झाला.

मल्हारी आत्याकडे बघत बसला. एवढा मोठा गडी, हात मांडीवर उताणे ठेवून. दगडाबाई माझ्याहून किती मोठ्या मनाची, हे मी जन्मभर पाहिलं आहे. दुष्काळात तिने आमच्या अख्ख्या कंपनीला दूध पाजलं आणि पैसा घेतला नाही. मी वाट पाहिली. शालूनेही पाहिली असावी, कारण ती उंबऱ्यातून हलली नाही. परक्याला जे दिलं, ते घरच्याला द्यायला किती लागतं?

म्हातारीचं तोंड एकदा उघडलं. मग मिटलं.

"शालू," ती म्हणाली, "शेरडं सोड. उन्हं कलली."

आणि गुडघ्यावर हात रोवून ती उठली, मल्हारीच्या अंगावरून गोठ्याकडे गेली.